ईनबाईंची बोरमाळ

पृथ्वीच्या पाठीवर जेवढे म्हणून चोर आहेत, ते सगळे एकाच बाईच्या मागावर आहेत आणि ती बाई देगलूरला राहते, यावर आमच्या ईनबाईंची पक्की श्रद्धा आहे. ईनबाई म्हणजे माझ्या मुलाच्या सासूबाई. आमच्या नांदेडकडं विहिणी एकमेकींना असंच म्हणतात. त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी फाटकाच्या कडीला बांधलेली दोरी सोडायची, मग दारामागं लावलेली घागर त्या बाजूला घेईपर्यंत थांबायचं, आणि मग "कोण हाय?" या प्रश्नाला आपलं नाव, गाव आणि येण्याचं कारण सांगायचं. मी सख्खी विहीण, पण मलाही ही परीक्षा चुकलेली नाही. एकदा उन्हात उभी राहून वैतागले आणि म्हणाले, "चोर आहे, उघडा." आतून शांतपणे उत्तर आलं, "खरा चोर असं सांगत न्हाई. थांबा, आले."

एवढा बंदोबस्त कशासाठी, तर एका बोरमाळेसाठी. ईनबाईंच्या आईची बोरमाळ. बोराएवढ्या मण्यांची, जुन्या घडणीची, आणि आमच्या दोघींच्या एकुलत्या एका नातीसाठी राखून ठेवलेली. ही माळ घरात कुठं आहे हे कुणालाच माहीत नसायचं, आणि पुष्कळदा ईनबाईंनाही माहीत नसायचं, कारण त्या दर बाजाराच्या दिवशी तिची जागा बदलायच्या. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला सगळं घर ती शोधत होतं. शेवटी पाहुण्यांसाठी कुरडया तळायला काढल्या तेव्हा डब्याच्या तळाशी ती सापडली, कढईत पडता पडता वाचली. मी म्हटलं, बँकेत लॉकर घ्या. तर म्हणाल्या, "त्याची एक चावी त्यांच्यापाशीच ऱ्हाती म्हणं. मग कुलूप कशाला, नुसतं देऊनच टाकते की."

अशा बाईला घेऊन मी थायलंडला गेले. आमच्या विहारातल्या बायकांची सहल होती, बुद्धाच्या मोठमोठ्या मूर्ती बघायच्या म्हणून हैदराबादहून निघालेली. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि साठीला टेकलेली बाई स्वतःला तरणी समजायला लागली की जे होतं ते माझं झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, पायात पांढरेफेक बूट, पाठीला नातीची जुनी सॅक, आणि तोंडात सारखं एकच वाक्य: "ईनबाई, घाबरू नका, मी आहे ना." विमानतळावरच्या सरकत्या जिन्यापाशी मात्र ही धाडसी बाई खांब धरून उभी राहिली आणि ईनबाईंनी तिला दंडाला धरून वर नेलं. ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता माझं हसं करणारी माणसं माझ्यावर प्रेमच करतात.

बोरमाळ अर्थातच बरोबर होती. "घर एकटं, माळ एकटी. कुणाच्या भरवशावर सोडू?" हॉटेलात आम्हा दोघींना एक खोली मिळाली. कपाटात लोखंडी तिजोरी होती, आपणच आकडा ठरवायचा आणि बंद करायची. मी ती उघडझाप करून दाखवली. ईनबाई लांबूनच बघत होत्या. "आकडा तुम्ही टाकला, तो पेटीला कळला ना?" "कळला." "मग पेटी हॉटेलवाल्याचीच हाय. ती मालकाला सांगणार न्हाई, कशावरून?" मी तिजोरी रिकामीच बंद केली. खोलीला उंबरा नाही, याचा त्यांना फार मोठा धक्का बसला. तरी जिथं असायला हवा होता तिथं त्यांनी बरोबर आणलेलं ज्वारीचं पीठ भुरभुरलं, पाऊल उमटलं की कळावं म्हणून. पहिलं पाऊल माझंच उमटलं आणि त्याची नीट चौकशी झाली.

खोली झाडायला येणाऱ्या बाईला आत येऊ द्यायचं नाही, म्हणून ईनबाईंनी खोली स्वतःच झाडायला सुरुवात केली. चादरीच्या घड्या घालायच्या, न्हाणीघर घासायचं, हॉटेलचे टॉवेल धुऊन गॅलरीत वाळत टाकायचे. ती बिचारी गाडा ढकलत यायची, दारातून आरशासारखी लख्ख खोली बघायची आणि तिथल्या पद्धतीनं हात जोडून निघून जायची. "बघा," ईनबाई मला म्हणाल्या, "हात जोडून जाऊन राहिली. मनात काही नसतं तर कशाला जोडले असते?"

भीती माणसाला लागते हो. दोनच दिवसांत मीसुद्धा पासपोर्ट मोज्यात घालून लंगडत फिरायला लागले. जेवताना कुणी पाठीमागून गेलं की मी पाय खुर्चीखाली ओढून घ्यायची. रस्त्यात कुणी हसून पाहिलं की मी सॅक पोटाशी धरायची. एवढ्या मोठ्या सोनेरी मूर्तीसमोर आम्ही पंचशील घ्यायला बसलो, तर चोरी न करण्याच्या शीलापाशी ईनबाईंनी आवाज चढवला आणि डावीउजवीकडं बसलेल्यांकडं एकेक नजर टाकून घेतली. मला हसू यायला हवं होतं. मी मोजा चाचपून पाहिला.

मग ती सकाळ आली. आम्ही एका जुन्या शहरात उतरलो होतो. खाली रस्त्यावर भिक्खूंची रांग आली, अनवाणी, हातात भिक्षापात्रं घेऊन, आणि दोन्हीकडं लोक गुडघ्यांवर बसून अन्न देत होते. आपल्याकडं एखादे भंते घरी आले तर आख्खी गल्ली गोळा होते. इथं तर रांगच्या रांग. आमच्या सगळ्या बायका मिळेल ते घेऊन खाली पळाल्या. कुणी बिस्किटं, कुणी चिवडा, कुणी केळी. ईनबाईंनी बॅगेतून धपाट्यांचं फडकं उचललं आणि जिना उतरल्या. रांगेत शेवटी एक म्हातारे भंते होते. ईनबाईंनी फडक्यासकट धपाटे दोन्ही हातांनी त्यांच्या पात्रात ठेवले, डोकं जमिनीला टेकलं, आणि उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता की त्यांना मी पहिल्यांदाच पाहतेय असं वाटलं.

लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "ईनबाई, काल माळ पिठात होती."

"मग?"

"आज पीठ दारात टाकायला काढलं म्हणून हलवली."

"कुठं?"

"चोर धपाटे खात न्हाई, म्हणलं."

लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि ईनबाई आतच खाली बसल्या. जिला आयुष्यभर चोरांपासून जपलं ती माळ त्यांनी स्वतःच्या हातांनी, वर नमस्कार करून, देऊन टाकली होती.

मी त्यांना ओढतच गाइडबाईंकडं नेलं. त्या तिथल्याच, पण मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या. त्यांनी फोन करून विहाराचा पत्ता काढला, तीनचाकी बोलावली. ईनबाई चढायला तयार नव्हत्या. "दान दिलं हो. दिलेलं मागायला कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, "तुम्ही दान धपाट्यांचं केलं. माळ तुमच्या मनात तरी होती का?" "न्हाई." "मग ती दिलीच नाही. चढा." शाळेत इतकी वर्षं पोरांशी वाद घातला त्याचा एवढा एकच उपयोग झाला.

गाडी सुरू झाली तशी त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, माळ मिळेल की नाही याची भीती. मी म्हटलं, "भंते आहेत ते, ठेवून घेणार नाहीत." त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी पावती न्हाई."

"पावती कोण मागतंय?"

"एवढं सोनं तुझ्यापाशी आलं कुठून, असं विचारलं तर?"

मग गाडीच्या खडखडाटात त्यांनी सांगितलं. त्यांची आई बिलोलीकडच्या एका गावात दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. पै पै साठवून तिनं सोनाराकडून माळ करून घेतली आणि पहिल्यांदा घालून बाजारात गेली. तिथं गावातल्या कुणीतरी विचारलं, कुणाच्या घरातून उचललीस. सोनार येऊन सांगेपर्यंत तिला चावडीसमोर बसवून ठेवलं. सोनारानं सांगितल्यावर सोडून दिलं, पण त्या दिवसानंतर माळ ज्वारीच्या कणगीत गेली ती तिच्या मरणापर्यंत. "मी लहान होते. मायजवळच बसले होते," ईनबाई म्हणाल्या. "चोर नेतील त्याचं मला लई भ्या न्हाई हो. मला चोर म्हणतील, त्याचं हाय."

माझे वडील नांदेडला रेल्वेत होते. आमची आई पाटल्या घालून भाजी आणायला जायची आणि कुणी काही विचारत नसे. मी आपली काळा चष्मा पुसत बसले.

विहारात एका सावलीच्या ओट्यावर सकाळचं अन्न मांडलं होतं. म्हातारे भंते जेवून बसले होते. बाजूला एका तबकात आमचं फडकं, आणि त्यावर बोरमाळ, जशी सापडली तशीच. तिला कुणी हातही लावला नव्हता. गाइडबाईंनी गुडघ्यांवर बसून काहीतरी सांगितलं. ईनबाई माझ्या मागं लपल्या होत्या आणि माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला दुखत होतं. भंतेंनी त्यांच्याकडं पाहिलं, तबक जमिनीवरूनच पुढं सरकवलं आणि एक प्रश्न विचारला. माझ्या दंडात ईनबाईंची नखं रुतली.

"भंतेजी पूछते," गाइडबाई म्हणाल्या, "रोटी में क्या डाला? बहुत अच्छा. बहुत तीखा."

मग माझ्या मागून बारीक आवाज आला. "त्यांला सांगा, ज्वारीचं पीठ, थोडं बेसन. तीळ, ओवा, लसूण. हिरवी मिरची जरा जास्तच पडली माझ्यानं." त्या पुढं झाल्या, वाकल्या, माळ उचलली आणि भंतेंनी हात करून आशीर्वाद दिला. विचारपूस एवढीच झाली.

बाहेर आल्यावर पंचाईत झाली. पिशवी हॉटेलात, डबा नाही, पीठ नाही. माळ ठेवायची कुठं? ईनबाई मूठ आवळून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "गळ्यात घाला." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जणू मीच चावडीवाली. मग रस्त्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून, त्यांनी ती घातली. परत येताना त्या गाडीत ताठ बसून होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडं धास्तावून बघत. फुलं विकणारी बाई, स्कूटरवरचा माणूस, शाळेतल्या मुली. कुणी मान वळवली नाही. "कुणी बघून बी न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या, आणि त्यात सुटका किती आणि खंत किती, ते मला कळलं नाही. सहल संपेपर्यंत माळ गळ्यातच होती. विमान हैदराबादला उतरलं तशी त्यांनी पदर मानेभोवती ओढून घेतला आणि देगलूर येईपर्यंत सोडला नाही. मी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

आता ती माळ नातीकडं आहे. पोरगी पुण्यात नोकरी करते आणि शर्टावर ती बोरमाळ घालून ऑफिसला जाते, फोटो काढून आम्हा दोघींना पाठवते. फोटो आला की लगेच देगलूरहून फोन येतो. "ईनबाई, पोरीला जरा सांगा ना, कॉलरच्या आत घाल म्हणून. बसमधी किती लोक असतात." मी म्हणते, सांगते.

सांगत नाही.