कड्याचं स्थळ आणि बोलणारं गाढव

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी शब्द द्या, हे कुणी घरी जाऊन सांगायचं नाही. आमच्या हिला यातलं अर्धंच माहीत आहे, आणि तेवढ्यावर ती वीस वर्षं मला टोमणे मारतेय!

घराघरांवर छत्र्या उगवल्या होत्या, ते दिवस. पावसाच्या नव्हे हो, केबलच्या! बीड जिल्ह्यातल्या केजात आमचं कापडाचं दुकान. मी बी.ए., तेही इंग्रजी घेऊन. पास कसा झालो ते महादेवालाच ठाऊक. पण कुणाला पंपाच्या खोक्यावरचं वाचून हवं असलं, औषधाच्या बाटलीवरचं कळत नसलं, की चला मन्मथकडे. मीही वाचायचो. जे कळायचं नाही ते जरा जास्त जोरात वाचायचो.

लग्नाचं मात्र जमत नव्हतं. वय एकोणतीस, सात नकार पचवलेले. अशात नेकनूरच्या वैजिनाथमामांनी कडा गावचं स्थळ आणलं. फोटो पाहिला आणि त्या दिवशी एका बाईंनी सदऱ्याचं कापड मागितलं असताना मी त्यांना परकराचं फाडून दिलं. खोटं कशाला बोलू, मला ती मनापासून आवडली होती. हे जमलंच पाहिजे, असं ठरवूनच निघालो.

मामा नेकनूरला एसटीत चढले. "पोरगी शिकलेली हाय," एवढं ते म्हणाले. मी "बरं झालं" म्हणालो आणि बीड येईपर्यंत, बीड सोडल्यावरही, माझ्याच इंग्रजीबद्दल बोलत राहिलो. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि परत मिटलं. बिचारे!

कड्याला मुलीचे वडील दारातच उभे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ऊसवाले, शाळेच्या कमिटीवरचे, आवाज असा की शेजारच्या शेतातला माणूसही 'ओ' देईल.

"या, या! ह्येच का ते इंग्रजीवाले?"

मामांनी माझी कीर्ती आधीच पोचवली होती.

बैठकीत नवाकोरा कलर टीव्ही, त्यावर भरतकामाचा रुमाल. समोर अण्णांची दोन नातवंडं, मागे अण्णांची म्हातारी आई. पडद्यावर इंग्रजी कार्टून चाललेलं. एक ढेरपोट्या बाप, चष्मेवाली बायको, एक वात्रट कार्टं आणि घरातच वावरणारं एक बोलणारं गाढव.

"पाव्हणं," अण्णा म्हणाले, "ही लेकरं रोज ह्येच बघत्यात. आमाला एक शब्द कळत न्हाई, लेकीला इचारावं तर नुसती हसती. चांगलं हाय का वंगाळ, तुमीच सांगा. तुमी बघता का?"

मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. 'नाही' म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही! मी पायावर पाय टाकला आणि म्हणालो, "न चुकता बघतो. अलीकडचे भाग जरा जास्तच आध्यात्मिक झालेत."

झालं! घेतला धोंडा पायावर पाडून!

"आध्यात्मिक?" अण्णांचे डोळे चमकले. "मग सांगा की आमालाबी!"

आता बघा, कार्टून म्हणजे लेकरांचं, आणि लेकरांचं म्हणजे बोधाचं. एवढी साधी माझी समजूत. मोठ्या माणसांसाठी मुद्दाम वाह्यात कार्टून काढणारे लोक जगात असतात, हे केजात कुणाला माहीत होतं? पडद्यावरची मंडळी भराभर बोलत होती. मला मधूनच एखादं 'यस' आणि एखादं 'नो' सापडत होतं. बाकीचं मी घरचं घालत होतो.

कार्ट्याने बापाच्या अंगावर ताट भिरकावलं.

"वडिलांना नैवेद्य," मी म्हणालो.

बायकोने बापाच्या टकलावर बाटली उपडी केली.

"अभिषेक."

"अगं बया! त्यांच्यातबी करत्यात?" आजी पुढे सरकल्या.

"सोमवार असेल, आजी."

"अन् ह्ये गाढव कावून बोलतंय?"

इथे मी क्षणभर अडकलो. पण एकदा सुटलेली जीभ थांबते होय? "ते या घराण्याचे गुरू. शापामुळे हा जन्म मिळालाय."

आजींनी पदर सावरून गाढवाला हात जोडले. आजींनी जोडले म्हटल्यावर मीही जोडले. गुरू तेव्हा आमच्याकडे पाठ करून शेपटी वर करत होते.

तेवढ्यात ती आली. फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन. फोटोपेक्षाही छान हो! तिने बशा ठेवल्या, खुर्चीवर बसली, टीव्हीकडे बघितलं, माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिचे खांदे थरथरायला लागले. भावना अनावर झाल्या असणार, दुसरं काय? मला आणखीच चेव आला.

आणि नेमकं तेव्हाच त्या ढेरपोट्याने अंगावरचे सगळे कपडे काढले आणि भर बाजारातून पळत सुटला!

मामांनी तोंडातली सुपारी तशीच गिळली.

"वैराग्य," मी म्हणालो. "सर्वस्वाचा त्याग केला त्यांनी."

"अन् मागं पोलीस कावून पळायलेत?" आजींनी विचारलं.

"दर्शनाला."

अण्णा गहिवरले. नातवंडांना म्हणाले, "ऐकलं का रे? ह्याम्होरं हातपाय धुऊनच बघायचं! साळंतबी टीव्ही लावायला सांगतो म्या." मग लेकीकडे वळले. "बाई, तूबी बघतीस की ह्ये सुट्टीला आल्यावर. पाव्हण्यांचं मत ऐकलंस, आता तुझं सांग."

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, चेहरा मात्र गंभीर.

"अलीकडचे भाग काही खास नाहीत, अण्णा. उगीच ताणतात. तो बाप आधी मजेशीर होता, आता नुसता ओरडतो. पण पाव्हण्यांनी सांगितला तो भाग लई सुंदर होता. असा भाग त्या कार्टूनवाल्यांनासुद्धा सुचला नसता!"

ऐकलंत? माझं कौतुक! सगळ्यांच्या देखत! मी मान लववून म्हणालो, "आपल्यालाही अध्यात्माची आवड दिसते."

तिने तोंडाला पदर लावला आणि आत पळाली. लाजली, असं मी समजलो.

परतीच्या एसटीत मी नुसता तरंगत होतो. "मामा, जमलं बरं का!" मामा खिडकीबाहेर बघत होते. केजात उतरलो तो सरळ शिंप्याकडे, सफारीचं माप द्यायला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की मन्मथचं ठरलं. दोघातिघांनी तर आहेर काय द्यायचा तेही विचारून घेतलं.

चौथ्या दिवशी मामा दुकानात आले. पाणी प्यायले आणि गादीवर टेकले.

"मन्मथ, पोरगी इंग्रजीत एम.ए. हाय. औरंगाबादला कॉलेजात इंग्रजीच शिकवती."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. "मामा! आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोलू दिलंस का, लेका? म्या तुझ्यासंगं गेलतो ते काय तुझं भाषण ऐकायला?"

"अण्णा चिडले असतील."

"न्हाई रं. पोरीनं समदं खरं सांगितलं, तर पोट धरून हसले. म्हनले, दुकानदार मानूस हाय, वाढवून सांगनारच. पोरीला म्हनले, तुझी मर्जी असंल तर माझी ना न्हाई."

माझा जीव पुन्हा भांड्यात पडला. तिने सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं माझं! "मग? ती काय म्हणाली?"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हनली, 'त्यांना इंग्रजी येत न्हाई, त्याचं काई वाटलं न्हाई, ते शिकवता येतं. पण मामा, चेष्टा तर मी मराठीत केली होती.'"