आधी माझा कान

“थांबा. आधी माझा कान, मग तुमचा.”

सकाळी दहाच्या पहिल्या पेशंटसमोर एक बोट वर करून कान तपासणारे आमचे सर हे म्हणायचे आणि स्वतःच डब्यात जाऊन बसायचे. डबा म्हणजे देवासच्या आमच्या श्रवण तपासणी केंद्रातली आवाजबंद खोली. चार बाय पाच फूट, भिंतींना गालिचा, एक जाड काच आणि फ्रिजसारखं दार. पेशंट तिला घाबरत. पण साठीला आलेला हा माणूस हेडफोन लावून आत शहाण्यासारखा बसलेला दिसला की तेही जरा सैल व्हायचे.

हे धीर द्यायला नव्हतं. आमच्या कामाची ती रीतच आहे. मशीन नीट सूर देतंय की नाही हे रोज एका खात्रीच्या कानाने तपासायचं असतं. ते आत, मी बाहेर मशीनवर. मी सुराचा आवाज थोडा थोडा वाढवत न्यायची. ऐकू आला की ते बटण दाबायचे, माझ्याकडे दिवा लागायचा आणि तो आकडा मी रजिस्टरात लिहायची. आकडा जितका लहान, तितका कान चांगला. त्यांचा कान पंधराचा. रोज पंधराच्या आसपास दिवा लागला तर मशीन ठीक. पंचवीसच्या वर गेला तर मशीन बिघडलं, असा नियम.

केंद्राची व्यवस्था माझ्याकडे होती. नोंदी, वेळा, दुरुस्त्या, शिबिरांचं सामान, सगळ्यांच्या याद्या. म्हणून ते मला यादीबाई म्हणायचे. मी त्यांना सर म्हणे, पेशंट कानवाले भिया, म्हणजे भैया. माणूस धारचा. घरात जुनं मराठी, शाळा हिंदीत. त्यामुळे मराठी बोलायचे सुरेख आणि वाचायचे ओळीवर बोट ठेवून.

पेशंटला समजावणं हे त्यांचं खरं सुख होतं. “कान टपालवाला आहे,” ते म्हणायचे. “पत्र आणून देतो. वाचायचं काम मेंदूचं.” सोनकच्छच्या एका म्हाताऱ्या काकींना कानाचं मशीन लावलं, तर तिसऱ्या दिवशी त्या ते रुमालात बांधून परत घेऊन आल्या. घरातली भांडी डोक्यात आपटतात, म्हणाल्या. सरांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की इतकी वर्षं बंद असलेल्या खोलीत एकदम बँड शिरला तर आतला माणूस चिडणारच. रोज दहा मिनिटं मशीन लावून स्वतः भांडी घासा, मेंदू हळूहळू ओळखायला लागेल. काकी म्हणाल्या, “भांडी घासणं सुनेकडे आहे. आता तुमच्या नावाने मी घासू?” महिन्याभराने त्या आल्या त्या पेढे घेऊन, आणि भांडी अजून त्याच घासत होत्या.

कानात शिट्टी वाजते म्हणणाऱ्यांशी ते फार मऊ बोलायचे. “ज्या सुराचं पत्र येणं बंद झालं, त्याची मेंदू वाट बघत बसतो. इतकी वाट बघतो, की शेवटी स्वतःच वाजवायला लागतो.” मला वाटायचं, हे पुस्तकातलं असणार.

एका राखीच्या सुमाराला बारीक, उंच सुराला दिवा तिसाला लागला. नियमाप्रमाणे मशीन इंदूरला गेलं. परत आलं, सोबत इंजिनिअरची चिठ्ठी: सब ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस. हेडफोन बदलले. तीस. मशीन पुन्हा गेलं, पुन्हा चिठ्ठी आली. मग पस्तीस. तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण आमच्या नियमात बिघडायचं ते मशीनने. मापाची काठीच आखूड होत असेल, असा रकाना माझ्या रजिस्टरात नव्हता.

डब्याच्या दाराची आतली कडी तुटलेली होती. बाहेर यायचं तर आतून टकटक करावी लागे आणि मी दार उघडे. त्या दिवशी मी उघडलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पंधरा लिहा, यादीबाई.”

“दिवा पस्तीसला लागला, सर.”

“पंधरा लिहा. पेशंट बटण स्वतः दाबतो. त्यात माझ्या कानाचा काय संबंध? आणि हे सोडून मला दुसरं येतं काय?”

मी पंधरा लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगावं लागलं नाही. दिवाळीपर्यंत रोज मी दिवा एका आकड्याला लागलेला पाहिला आणि कागदावर दुसराच लिहिला. बोलावं तर त्यांची खुर्ची जाणार, न बोलावं तर माझी सही खोटी. ते आत बसायचे, मी बाहेर, आणि कोंडलेले दोघंही असायचो.

मग धरमपुरीच्या एक शिक्षिका आल्या. आधी एकदा तपासून गेल्या होत्या. सुरांच्या चाचणीनंतर आमच्याकडे शब्दांची चाचणी असते. पेशंटने आत बसून पंचवीस शब्द परत म्हणायचे आणि तपासणाऱ्याने बाहेर ऐकून गुण द्यायचे. सरांनी त्यांना चोवीस दिले होते. कान थोडा कमी आहे, पण बोलणं कळतंय, कानाच्या मशीनची गरज नाही, असं लिहून पाठवलं होतं.

“भिया, कागज तो बोल रिया है सब समझ में आता है,” बाई म्हणाल्या. “पर क्लास में बच्चे क्या बोलते हैं, नी समझता. हेडमास्टर बोलते हैं, आप ध्यान नी देतीं.”

सरांनी पुन्हा चाचणी घेतली. आतला आवाज बाहेर स्पीकरवर येतो. मी शेजारी उभी होते, आणि सवयीने माझ्या कागदावर खुणा करत होते. सरांचे झाले चोवीस, माझे चौदा.

बाई चहाला बाहेर गेल्यावर माझा कागद सरांच्या कागदाशेजारी ठेवला. चौदा, चोवीस. दोन्हीवरून त्यांचं बोट सावकाश फिरलं.

“ही यादी मला पाठ आहे,” ते म्हणाले. “मी बाईंना ऐकतच नव्हतो. यादी ऐकत होतो.”

मग उठले. “मला बसवा आत. पाठ नसलेले शब्द घ्या.”

मी माझ्या वहीतल्या सामानाच्या, दुरुस्तीच्या, शिबिराच्या याद्यांतून पंचवीस शब्द काढले आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून म्हटले. त्यांनी सोळा बरोबर म्हटले. मग सूर घेतले. दिवा चाळीसला लागला. चाळीस लिहिलं.

टकटक झाली नाही. मी थांबले, मग दार उघडलं. ते हेडफोन मांडीवर घेऊन बसले होते.

“इथे आत ती शिट्टी फार वाजते, यादीबाई. बाहेर ट्रकांच्या आवाजात दबते. इथे काहीच नसतं. रोज तुम्ही दार उघडेपर्यंत मी आकडे मोजत बसायचो.”

पुस्तकातलं नव्हतं ते.

त्यांनी रजिस्टर मागितलं. राखीपासूनच्या प्रत्येक पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘हा आकडा माझ्या कानाचा नाही,’ आणि खाली सही केली. माझ्या सहीवर मला रेघ मारू दिली नाही. मग त्या महिन्यांत शब्दांची चाचणी झालेल्या पेशंटांची यादी माझ्याकडून करून घेतली. डही गावापासून सोनकच्छपर्यंत, एकेकाला स्वतः फोन केला. “फिर से आना पड़ेगा. गलती मेरी थी, मशीन की नहीं.” समोरच्याचं बोलणं कळलं नाही की फोन माझ्या हातात द्यायचे. यादी संपली त्या दिवशी ते काम सोडून धारला भावाकडे गेले. त्यानंतर त्यांचा कधी फोन आला नाही. फोनवर त्यांना नीट कळतच नसणार.

शिक्षिकाबाईंना मशीन लागलं. तपासायला आता इंदूरची एक तरुण मुलगी येते. तिच्या कानाचा आकडा दहा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. डब्याची आतली कडी माझ्या दुरुस्तीच्या यादीत तीन वर्षं होती. दर महिन्याला मी ती नव्या पानावर उतरवायची. ते धारला गेले त्याच आठवड्यात बसवून घेतली, अर्ध्या तासाचं काम होतं.

ती मुलगी आता हवं तेव्हा स्वतःच बाहेर येऊ शकते. तरी रोज सकाळी तिचा शेवटचा दिवा विझला की मी आधी उठून दार उघडते, मग आकडा लिहिते.