नाव तिचं, ताबा आमचा

जमिनीचा ताबा आणि लेकराचा ताबा, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. मला त्याचा राग येतो. शब्दावर रागावून काही होत नाही हे कळतं, तरी येतो. या एका शब्दापायी माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी गेली.

मी पत्रकं लिहिते. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की आमच्या संघटनेची खोली आहे. तिथं बसून मी बायांसाठी प्रश्नोत्तरं तयार करते. नवरा वारला तर त्याच्या शेतात बाईचा हिस्सा असतो का? असतो. मुलीचा? मुलाइतकाच. दुसरं लग्न केलं तर मिळालेला हिस्सा परत द्यावा लागतो का? नाही. बापामागं लेकराचं पालक कोण? या प्रश्नाचं उत्तर मी चौकटीत टाकलं होतं, ठळक अक्षरात, एकाच शब्दात: आई. बसस्टँडवर, तहसीलच्या आवारात, आठवडी बाजारात, सगळीकडं मी ती पत्रकं वाटली. त्यात भजी बांधून नेलेलीही पाहिली. चालतं. तेलकट हातानं का होईना, कुणीतरी वाचेल.

माझे दाजी मोटारसायकलवरून पडून गेले तेव्हा भाची चार वर्षांची होती. तेरावं झालं आणि आई-बाबा ताईला माहेरी, शहरात गारखेड्याला, घेऊन आले. निघताना ताईच्या सासूनं नातीला मांडीवर घेतलं होतं. म्हणाली, "राहू द्या चार दिवस. माझं लेकरू गेलं. त्याच्या लेकराकडं बघून घास तरी उतरंल." पोटचा मुलगा गेलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? ताईनं पोरीचे कपडे तिथंच ठेवले आणि रिकाम्या हातानं गाडीत बसली.

चार दिवसांचे महिने झाले. मागायला गेलं की पोरीला ताप असायचा, नाहीतर म्हातारीला. शेवटी निरोप आला: एकदा बैठक होऊ द्या, सगळं मिटवून टाकू, मग न्या.

दाजींचं गाव पैठणच्या अंगाला, तासा-दीड तासाच्या वाटेवर. बैठकीला पुरुष ओसरीत बसले आणि आम्ही बाया आत, गॅसपाशी. दाराला पडदा होता, पण आवाज सगळा येत होता. तलाठ्यानं वारसांची नोंद आधीच केली होती. सातबाऱ्यावर दाजींच्या जागी तीन नावं लागली होती: सासू, ताई आणि पोरगी. पोरीच्या नावापुढं लिहिलं होतं 'अ.पा.क.' आणि त्यापुढं ताईचं नाव. अज्ञान पालक कर्ता. म्हणजे पोरगी अज्ञान, तिची पालक ताई. अठरा वर्षांखालच्या माणसाला सरकारी कागदात अज्ञान म्हणतात. आम्ही बाकीचे सगळे सज्ञान.

ताईचे चुलतसासरे बोलायला उठले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो त्यांना माहीत होता.

"हे बघा पाव्हणं," ते माझ्या वडलांना म्हणाले, "भांडणतंटा आपल्याला करायचा नाय. नाव सुनबाईचं, नाव नातीचं. लागलंय ते लागू द्या, आपून पुसत नाय. पण ताबा आमचा. बोला, कबूल?"

बाबा वाळूजच्या कंपनीत मशीनवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांना हायसं वाटलं ते मला पडद्याआडूनही कळलं. "कबूल," ते म्हणाले. "मी कुठं इथं शेती कसायला येणार? ताबा तुमचाच."

"कंपनीतल्या माणसाला औत धरता येतंय व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि ओसरी हसली. बाबाही हसले. चहा गेला. मी आत ताईच्या पाठीवर हात ठेवला. नावं राहिली म्हणजे हिस्सा राहिला. कसू देत त्यांना. पोरगी तर आता घरी येतेच आहे.

ताईनं पोरीचे कपडे पिशवीत भरले. पोरगी आजीच्या कडेवर बिस्कीट खात होती. ताईनं हात पुढं केले तेव्हा दारात दीर उभा होता.

"वैनी, पोरीला कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

"आत्ताच ठरलं ना. ताबा आमचा."

ताईला काही समजेना. बाबा उठून आले. "अहो, ते जमिनीचं चाललं होतं."

"जमिनीचं कोण म्हणलं?" दीर शांतपणे म्हणाला. "जमीन आमच्याच हातात हाय, आम्हीच पेरतो. तिचा ताबा कशाला मागू? नातीचं नाव म्हणलं, नातीचाच ताबा म्हणलं."

"चार माणसांत कबूल म्हणला तुम्ही," चुलतसासरे म्हणाले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यावर लबाडी दिसत नव्हती. कदाचित त्यांनी पहिल्यापासून पोरीचंच धरलं असेल. दिराबद्दल मी तसं म्हणणार नाही.

मी पडदा सारून बाहेर आले आणि बोलू लागले. बापामागं पालक आईच असते, लेकरू काही वावर नाही, बैठकीत त्याचा सौदा होत नाही. तोंडपाठ होतं सगळं.

"पाव्हणं, तुमची ही धाकटी लई बोलती," चुलतसासरे बाबांना म्हणाले. "हिच्या सासरच्यांचं कसं व्हायचं?"

पुन्हा ओसरी हसली. तोवर म्हातारी पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली होती आणि आतून कडी लागली होती. ताई त्या दाराशी बसून राहिली. उन्हं उतरल्यावर आम्ही तिला उचलून गाडीत घातली.

पोलीस चौकीत साहेबांनी आम्हाला पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाले, "पोरगी सख्ख्या आजीकडंच आहे ना? मग कुणी पळवली का? हे सिव्हिल मॅटर आहे ताई. कोर्टात जा."

आम्ही कोर्टात गेलो. आमच्या वकीलबाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की बैठकीतलं कबूल-बिबूल कोर्ट धरत नाही. लेकराचा सौदा बापानं केला तरी चालत नाही, आजोबांचा कुठून चालणार? कोर्ट एकच बघतं, लेकराचं हित कशात आहे. पाच वर्षांखालचं लेकरू तर सहसा आईकडंच देतात. ऐकून मला इतकं बरं वाटलं की खाली उतरून मी ताईला उसाचा रस पाजला. माझं पत्रक बरोबर होतं.

मग दिराचा निरोप आला. निरोप आणणारी आमचीच एक लांबची आत्या होती. तिला दोन्ही घरी जेवायला मिळायचं. "लेकरू पाहिजे ना? मग हक्कसोड करून दे म्हणतोय. तुझी सही आणि पोरीच्या वतीनं बी तुझीच सही. मोकळी हो गं. उद्या दुसरं लग्न केलंस तर वावर बी जाईल आणि पोर बी."

"आत्या, तसा कायदा नाहीये," मी म्हणाले.

"तुझा कायदा तुझ्यापाशी ठेव. तुझ्या कायद्यानं आजवर एक पोर तरी घरी आणली का?"

ताई त्याच संध्याकाळी सही करायला तयार होती. मी तिला वकीलबाईंकडं नेलं. त्यांनी चष्मा काढला. "तुमचा हिस्सा तुम्ही सोडू शकता. मी सांगेन सोडू नका, पण सोडू शकता. पोरीचा कसा सोडणार? अज्ञानाची जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणाला देता येत नाही. आणि परवानगी तिच्या फायद्याचं असेल तरच मिळते. फुकट दिरांना देण्यात तिचा काय फायदा?"

"ती माझ्याजवळ येईल," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा घातला.

फक्त ताईच्या हिश्श्यावर दिराचं भागेना. त्या बाजूच्या जमिनींना तेव्हा गिऱ्हाईक फिरू लागलं होतं आणि दाजींचं वावर नेमकं रस्त्याला लागून होतं; पोरीचा हिस्सा सुटल्याशिवाय ते विकता येत नव्हतं. म्हणजे बघा कसं झालं. कायद्यानं पोरीची जमीन राखली, आणि त्या जमिनीपायी पोरगी अडकली. जमीन नसती तर तिला त्यांनी त्याच दिवशी पिशवीसकट आमच्या गाडीत बसवली असती. मुलीला बापाच्या वाट्यात बरोबरीचा हिस्सा मिळावा म्हणून मी घसा कोरडा करत आले आहे. अजूनही करते. पण त्या आठवड्यात मी मनातल्या मनात म्हटलं की हिला हिस्सा नसता तर बरं झालं असतं. हे मी अजून कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नाही.

अर्ज दाखल झाला तेव्हा पोरगी पाच वर्षांच्या आत होती. पहिली नीट सुनावणी झाली तेव्हा नव्हती. मधे काय झालं? नोटीस मिळाली नाही. मग मिळाली, तर वकील नेमायला मुदत. मग म्हणणं द्यायला मुदत. मग न्यायाधीश साहेबांची बदली. मग नव्या साहेबांना पहिल्यापासून. कुणी लाच खाल्ली नाही, कुणी फाईल दडवली नाही. असं काही असतं तर मी मोर्चा तरी काढला असता. मोर्चा कोणावर काढायचा होता? कॅलेंडरवर?

आणि या सगळ्या काळात पोरगी वाढत होती. गावच्या शाळेत जाऊ लागली. तिला मैत्रिणी झाल्या. तिच्या जिभेवर तिथली भाषा चढली. लेकराचं हित बघू म्हणणारं कोर्ट जितकं थांबत गेलं, तितकं ते हित गावाकडं सरकत गेलं.

अखेर भेटीचा हुकूम झाला. आदल्या दिवशी ताई मला घेऊन गुलमंडीला फ्रॉक घ्यायला गेली. दुकानदारानं विचारलं, "केवढी आहे लेक?" ताईनं हात मांडीच्या जरा वर धरून दाखवला. "एवढी." मी तिच्या हाताकडं पाहिलं. तो हात तेराव्याच्या दिवसापासून तिथंच होता. मी हळूच तिचं मनगट धरून वर सरकवलं. दुकानदार बघत होता. तिनं हात झटकला आणि पुन्हा खाली घेतला. मी दुकानदाराला नजरेनं सांगितलं, मोठा द्या. त्यानं मोठाच दिला, आणि तोही दुसऱ्या दिवशी दंडात रुतला.

कोर्टात भेटीची एक खोली आहे. भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेत, एक चाक निघालेली मोटार आहे, टेडी आहे. साहेबांनी पोरीला आधी आपल्या खोलीत एकटीला बोलावलं होतं. असंच करतात, कुणाचा दबाव नको म्हणून. योग्यच आहे. ती बाहेर आली ती सरळ त्या मोटारीकडं गेली. ताई जवळ जाऊन बसली.

"साहेबांनी काय विचारलं गं बाळा?"

"कोणाकडं राहायचंय म्हणले."

"मग?"

"आजीकडं." मोटार तीन चाकांवर चालेना म्हणून ती एका बाजूनं हातानं उचलून धरत होती. "आजीला रातच्याला दिसत नाय. मी हात धरून नेते तिला."

मग पोरीनं वर पाहिलं, आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं, आणि आईची समजूत घालावी तसं म्हणाली, "आजीकडं दुसरं कुणी नाय ना. तुझ्याकडं मावशी हाय की."

मी तिथं नसते तर. हा विचार मी किती वेळा केला आहे. मी त्या खोलीत त्या दिवशी गेलेच नसते तर ती दुसरं काही म्हणाली असती का? नसती. ती साहेबांना आधीच सांगून आली होती. तरी.

निकालात काही चूक नव्हती. मी चूक शोधायला तो परत परत वाचला. आई ही पालक आहेच, असं त्यात लिहिलंय. बैठकीतलं कबूल म्हणणं धरता येत नाही, हेही लिहिलंय. पण मूल आता त्या घरात रुळलेलं आहे, शाळेत आहे, आजीशी त्याचा जीव जडलेला आहे, त्याला उपटून आणणं हिताचं नाही. आईला महिन्यातून दोन शनिवार भेट. वकीलबाई म्हणाल्या, वर अपील करता येईल. किती दिवस लागतील, ते ताईनं विचारलं नाही.

शनिवारी दीर पोरीला सोडायला येतो आणि बाहेरच्या टपरीवर चहा पीत थांबतो. अगदी वेळेवर येतो. बाबा आता कशालाच कबूल म्हणत नाहीत. भाजीवालीनं भाव सांगितला तरी नुसती मान हलवतात.

पत्रक पुन्हा छापायचं होतं तेव्हा मी त्या चौकटीपाशी बराच वेळ पेन घेऊन बसले. बापामागं लेकराचं पालक कोण? आई. खोडता येईना. ते खोटं नाही. तहसीलमधून सातबारा काढून बघा, आजही पोरीच्या नावापुढं अ.पा.क. म्हणून ताईचंच नाव आहे. ते कुणी पुसलं नाही आणि पुसणारही नाही. त्यांनी बैठकीत शब्द दिला होता.