दसऱ्याला अडलेल्या वह्या

आमच्या घरात कुठल्याही नव्या गोष्टीला मुहूर्त लागतो. कॉम्प्युटरची सिस्टीम बदलायची, तर तीही दसऱ्यालाच. जुन्या सिस्टीमला आता कंपनी विचारत नाही, असं दुकानवाल्यानं श्रावणातच बजावलं होतं. पण सासरे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत काही आभाळ कोसळत नाही." बाबांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मी बोलते, ती गोष्ट वेगळी.

आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. लांबलांबून येणाऱ्या यजमानांच्या घराण्यांची नामावळी आमच्या वह्यांत आहे. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, खाली सही नाहीतर अंगठा. कागद असा झालाय की पान उलटलं की कोपरा हातात येतो. म्हणून मी चार वर्षं खपून एकेक पान स्कॅन केलं. सगळी पानं आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, बाहेर बैठकीत दुसरा कॉम्प्युटर, आणि दोघांच्या वायरी येऊन मिळतात त्या स्विचची एक छोटी डबी. यजमानानं गाव आणि आडनाव सांगितलं की पान बैठकीत हजर. मी बागलाणातल्या शाळामास्तरांची मुलगी, साधी बी. कॉम. हे सगळं माझं मी शिकले, आणि ते सांगायला मला कसली आलीय लाज!

गेल्या वर्षी दसऱ्याला सकाळी दुकानवाला दोन्ही कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालून गेला. मग बाबांनी पाटावर पूजा मांडली. वह्या, बोरू, पंचांग, आणि त्यांच्या हुकमावरून ती डबीसुद्धा. "तीही आता वह्यांचीच सेवा करते," म्हणाले. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी वायरी काढून डबी पाटावर ठेवली, पूजा झाल्यावर पुन्हा जागेवर लावली.

दुसऱ्या दिवशी इंदूरकडच्या एक बाई आल्या. वयस्कर, हातात काठी. त्यांना आजोबांची सही बघायची होती. मी पान उघडायला गेले, तर पान वरून बोटभर आलं आणि थांबलं. पुन्हा बोटभर. बाई म्हणाल्या, "गाडीची वेळ होतेय हो." बाबा उठले, कपाटातून वहीच काढून आणली आणि उघडली. सही दिसली, बाईंनी डोळे पुसले. पण पानाचा कोपरा तुटून बाबांच्या धोतरावर पडला. तो तुकडा उचलून मी वहीत ठेवला.

बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर ही खोकी बाहेर आणि वह्या परत बैठकीत." म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात, आणि वह्यांचा यजमानागणिक एकेक कोपरा जाणार. यांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, मान डोलावली. ते वडिलांपुढे दुसरं काही डोलवतच नाहीत.

दुकानवाल्याला फोन केला. "वहिनी, नवीन सिस्टीम जड असते. मशीन बदला," म्हणाला. यायचीसुद्धा तसदी नाही! राग आला की माझ्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "हाई काय शे!" म्हणून मी फोन ठेवला आणि पदर खोचला.

आधी आतल्या खोलीत, जिथे पानं ठेवलीत त्याच कॉम्प्युटरवर बाईंचं पान उघडलं. चुटकीसरशी उघडलं. म्हणजे सिस्टीम जड नाही. मग लेकीचा जुना लॅपटॉप आणला. त्याला नव्या सिस्टीमचा वाराही लागला नव्हता. बैठकीतली वायर त्याला लावली, तर तिथेही तेच, बोटभर पान आणि खोळंबा. मी मोठ्यानं हसलेच. बिचाऱ्या सिस्टीमचा काही दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

मग वायर बदलली. फरक शून्य. सेटिंगमध्ये वेग बघितला, तर एरवी हजार दिसायचं तिथे दहा. राहता राहिली डबी. आतल्या वायरीपाशी हिरवा दिवा, बैठकीच्या वायरीपाशी नारिंगी. ती वायर उपसून शेजारच्या भोकात घातली. दिवा हिरवा! पान खाडकन समोर!

आधीच्या भोकात बॅटरी मारून बघितलं. आत बारीक पितळी काड्यांवर ओलं कुंकू वाळून बसलेलं, आणि एक अक्षत. पूजेच्या वेळी वायरी मी काढलेल्या, भोकं उघडी, बाबांनी भक्तिभावानं दूर्वेनं कुंकवाचं पाणी शिंपडलेलं, आणि त्यावर वायर दाबून बसवणारीही मीच. त्याच दिवशी सिस्टीम बदलली, म्हणून सगळ्यांनी तिलाच धरलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आता हे बाबांना सांगायचं कसं? यांनी लगेच हात जोडले, "अगं, सांगूच नकोस." पण न सांगता कसं चालेल, पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. मी डबी आणि बॅटरी घेऊन बैठकीत गेले. "बाबा, जरा बघता?"

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग मी त्यांच्यापुढे बाईंचं पान उघडलं, अख्खं, तुटलेल्या कोपऱ्यासकट, कारण स्कॅन केलं तेव्हा तो कोपरा शाबूत होता. त्या कोपऱ्यावर त्यांच्याच वडिलांच्या हातची दोन अक्षरं होती. बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. खोकी जागेवरच राहिली.

आमच्याकडे दसऱ्याची पूजा घरातला वडील पुरुषच करतो, कधीपासून ते वह्यांतही सापडायचं नाही. यंदा पाट मांडला, वह्या ठेवल्या, डबी ठेवली. बाबांनी वह्यांना कुंकू लावलं, डबीपाशी आले आणि हात थांबला. सगळे बघत होते. त्यांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

"तू लाव. कुठं लावायचं ते तुला कळतं."

मी डबीच्या पाठीवर, भोकांपासून लांब, कोरड्या कुंकवाचं एक बोट टेकवलं. बाबांनी वाटी परत मागितली नाही.