लेथ किती फुटी, हा प्रश्नच चुकीचा

अन्याय झाला तो दिग्रसच्या वसंतराव काकांवर. पोळ्याला आठ दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी साडेअकराला, यवतमाळच्या आमच्या मशीन टूल्सच्या दुकानात. फोन मी उचलला होता. म्हणजे अन्यायाचं तोंड माझंच होतं. हे आधीच लिहून टाकते.

काका जिनिंगमध्ये टर्नर होते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत एकेक जिन बंद पडत गेली, त्यात त्यांचीही पडली. उभं आयुष्य लेथवर गेलेला माणूस घरी बसून काय करणार? त्यांनी टेबलावर मावेल अशी बारकी लेथ घेतली, हौसेसाठी. शिलाई मशीनचे बुश, देवघरातली घंटा, आणि दर वर्षी तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांच्या लाकडी बैलांना पितळी चाकं.

लेथवर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, फिरतो आणि टूल त्याला कापतं. टूल घट्ट धरतो तो टूल पोस्ट. टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सेंटरवर, यावं लागतं. जुन्या पोस्टमध्ये त्यासाठी टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालतात, आणि टूल बदललं की पुन्हा तोच खेळ. क्विक चेंज पोस्टमध्ये प्रत्येक टूलला आपला होल्डर असतो. उंची नटावर एकदाच लावायची. मग एक होल्डर काढा, दुसरा सरकवा, हँडल ओढा, कापा. काकांना पट्ट्या नीट दिसेनाशा झाल्या होत्या, म्हणून त्यांनी असा सेट मागवला. आम्ही एसटीच्या पार्सलनं पाठवला.

आणि बुधवारी फोन आला.

"पोरी, टूल कापून नाही राह्यलं. नुसतं घासून राह्यलं. फेसिंग केलं का मधात बोंडी उरते."

म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना मधोमध बारीक गाठ उरत होती. मी दुकानाच्या शेठना विचारलं. ते मान वर न करता म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात गेला असंल. धार लावा म्हणा."

आणि मी, आयटीआयची टर्नर, एक माप न विचारता तेच बोलले. "काका, माल बरोबर आहे. धार बघा. हात स्थिर राहतो ना?"

"असंल बाप्पा," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी वणीचा एक वर्कशॉपवाला काउंटरवर आला. "मॅडम, दिग्रसले एक बारकी लेथ निघाली इकाले. म्हातारा म्हणते, मशीन चांगली हाय, माहे हातच गेले. घेऊ काय?"

"घेऊ नका," मी म्हणाले.

रविवारी मी एरवी आयटीआयवाल्या पोरापोरींच्या हक्कांची पत्रकं वाटते. त्या रविवारी पिशवीत बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर टाकला आणि दिग्रसची पहिली गाडी पकडली.

काकांच्या घरी लेथवर चादर टाकलेली होती. काकूंनी मला बसाही म्हटलं नाही. "आता कायले आली? बुधवारपासून हे चहाचा कप बी दोन हातानं धरून राह्यले."

मी म्हटलं, "काका, एकदा टूल लावून दाखवा."

त्यांनी लावलं. हात दगडासारखा स्थिर. होल्डर पार खाली, टॉप स्लाइडला टेकलेला, म्हणजे पोस्ट ज्या सरकत्या भागावर बसतो त्याच्या माथ्याला. तरी टूलचं टोक सेंटरच्या जवळपास तीन मिलिमीटर वर. इतकं वर असलेलं टूल कापत नाही, त्याचं पोट जॉबवर घासतं. घरातलं सगळ्यात बारीक टूल लावलं. तेही वरच.

"काका, पोस्टच मोठा आहे."

"मले पहिल्याच दिवशी वाटलं होतं," काका म्हणाले. "पण दुकानवाले खोटं कायले बोलतीन?"

मी टॉप स्लाइडपासून सेंटरपर्यंतची उंची व्हर्निअरनं मोजली आणि लिहून घेतली.

चूक कुठे झाली ते परतीच्या गाडीत कळलं. आपल्याकडे लेथ फुटात विकतात. चार फुटी, सहा फुटी. ही बेडची, म्हणजे लेथच्या आडव्या पायाची, लांबी. आमच्या भिंतीवर टूल पोस्टचा तक्ताही फुटातच. ऑर्डर घेताना मी विचारलं, "किती फुटी?" काका म्हणाले, "दोन." तक्त्यात सगळ्यात लहान माप चार फुटीचं होतं, तेच पाठवलं. आता सांगा, बेडच्या लांबीचा आणि पोस्टच्या उंचीचा काय संबंध? काहीही नाही.

सोमवारी शेठसमोर उभी राहिले. "चूक आपली आहे. बदलून द्या."

"खोललेला माल वापस नाही होत. आणि पुढारीणबाई, भाषण नको."

"भाषण नाही देत. काकांना फोन लावते, तुम्हीच बोला. तुमचा हात गेला नव्हता, म्हणा."

शेठनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लहान साइझ पाठव. बोलायचं ते तू बोल."

मी बोलले, माफी मागितली. काका म्हणाले, "ते राहू दे. सेटमधला तो नक्षी पाडायचा होल्डर कायले पाठवते? त्याच्या जागी साधे दोन जास्ती दे." हे आमच्या कॅटलॉगपेक्षा शहाणपणाचं. सेट घेताना होल्डरची गिनती नका पाहू, रोजची टूलं मोजा. पोस्ट वेज टाइपचा पाठवला, ज्यात आतली पाचर होल्डरला ओढून धरते आणि तो पुन्हा त्याच जागी बसतो. पिस्टन टाइपचा पोस्ट होल्डरला बाहेर ढकलतो. तो स्वस्त असतो आणि हौसेच्या कामाला चालतो. पण माप चुकलं तर दोन्ही भंगार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांचा फोन. "बोंडी नाही उरली पोरी. वणीवाला आलता. म्हटलं, जा बाप्पा, मशीन इकायची नाही. चाकं करून राह्यलो."

शेठनी माफी मागितलेली नाही. तक्त्यावरचा फुटांचा रकाना मी खोडला आहे.

आता तुमच्याकडे मागणं. आजच मापाची स्टीलची पट्टी घ्या. जुना पोस्ट काढा, चकाच्या, म्हणजे जॉब धरणाऱ्या भागाच्या, बाजूला टोकदार सेंटर लावा, टॉप स्लाइडच्या माथ्यापासून सेंटरच्या टोकापर्यंतची उंची मोजा आणि भिंतीवर लिहा. दुकानदाराला विचारा, होल्डर पार खाली असताना तुमच्या टूलचं टोक किती उंचीवर येतं? या मापाहून कमी हवं. तो "किती फुटी?" म्हणाला, तर फोन ठेवा. आणि कुणी तुमच्या हाताला दोष दिला, तर हात तपासू नका. त्याला घरी बोलवा, आणि माप त्याच्याच हातानं घ्यायला लावा.