फोन आलाच नव्हता

अंबरनाथच्या आमच्या जुन्या कार्यालयात माझ्याविषयी दोन कहाण्या सांगितल्या जातात. पहिली अशी, की वरून धमकीचा फोन आला आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याचा नाइलाज झाला. दुसरी अशी, की मी विकला गेलो. दोन्ही खोट्या. मी हयात आहे, स्मरण शाबूत आहे, तेव्हा खरे काय ते मीच सांगतो.

संगणक-यंत्रणांतली भगदाडे चोरांच्या आधी शोधून मालकाला दाखवणे, हा आमचा व्यवसाय. बदलापूरच्या मांजर्लीत पुराचे पाणी घरांत शिरले, त्या वर्षी एका पुढाऱ्याच्या प्रतिष्ठानाने मदतीचे अर्ज संकेतस्थळावर मागवले आणि त्याची तपासणी आमच्याकडे आली. ती करणारी माझी सहकारी मांजर्लीचीच. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"सर, वेबसाइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की शेजारच्याचा अर्ज उघडतो. आधार, पासबुक, सगळं. माझ्या मामीचासुद्धा उघडला."

पुरावा म्हणून तिने ओळीने काही अर्ज उघडले, त्यांचे स्क्रीनशॉट अहवालाला जोडले आणि दोषाला श्रेणी दिली : अतिगंभीर. या श्रेणीचा दोष दुरुस्त होईपर्यंत संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र अडते. सर्वांत खालची श्रेणी 'निरीक्षण'; ती कोणी वाचतही नाही.

निवडणूक तोंडावर होती. संकेतस्थळ बनवणारा पुढाऱ्याचा भाचा होता. त्याच सुमारास एका लग्नात पुढाऱ्याने मला वाकून नमस्कार केला आणि विचारले, "काका, गुडघा काय म्हणतोय?" फोनाआधीची धमकी तीच होती, असे आजची पोरे छातीठोकपणे सांगतात. त्यांतले एकही त्या मांडवात नव्हते. त्याने गुडघाच विचारला होता. भ्यालो तो मी, कोणी भिववण्याच्या आधी.

सोमवारी मी तिने शोधलेला दोष 'निरीक्षणा'त नेला आणि स्क्रीनशॉट काढून टाकले. याला आम्ही 'भाषा सौम्य करणे' म्हणत असू. सगळेच करत, मीही पूर्वी केले होते.

अहवाल वाचून ती म्हणाली, "सौम्य? सर, तुम्ही वाघाची मांजर केलीत."

मी हसलो. अहवालावर सही माझी होती.

काही महिन्यांनी ते अर्ज गावभर मोबाईलवर फिरू लागले. लोकांना फसवणुकीचे फोन येऊ लागले. प्रतिष्ठानाने नोंदी तपासल्या : ओळीने अर्ज कोणत्या संगणकावरून उघडले गेले? तिच्या. का उघडले, हे सांगणारे स्क्रीनशॉट मी पुसले होते. तिला पोलीस ठाण्यात पुन्हा पुन्हा बोलावले गेले. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "अहवालात आहे तेवढेच मला ठाऊक." तिचा मूळ मसुदा, स्क्रीनशॉटांसह उरलेली एकमेव छापील प्रत, त्या वेळी माझ्या खणात होता. तो बाहेर काढला असता तर ती सुटली असती आणि माझी सही खोटी ठरली असती. आयुष्यभर जपलेल्या सहीपुढे मला तिचे नाव लहान वाटले.

गुन्हा सिद्ध झाला नाही. पण या व्यवसायात तिला पुन्हा कोणी उभे केले नाही.

गेल्या महिन्यात मसुदा घेऊन मी उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात ती पार्सलांवर पत्ते चिकटवते. सिंधी मालक हसून म्हणाला, "साईं, मॅडमचे मास्तर काय? बसा, बसा. आमच्याकडे त्यांचा एक पत्ता चुकत नाही!"

तिने मला स्टूल दिले. पाने हातात घेतली, पण वाचली नाहीत.

"सर, फोन कुणाचा होता, तेवढं सांगा. पुढाऱ्याचा की भाच्याचा?"

"फोन आलाच नव्हता."

चिकटपट्टीचे टोक तिच्या बोटाला तसेच राहिले.

"मी आईला सांगितलंय, सरांना धमकी होती. म्हणून ते बोलले नाहीत. ती तुमच्यासाठी दिवा लावते. आता तिला काय सांगू?"

वाद घालण्यात मी आजवर कोणाला हार गेलेलो नाही. तिथे मात्र वाद घालायला समोर कोणीच नव्हते.

मग तिने पहिले पान उलटले आणि आपलाच परिच्छेद सावकाश वाचला.

"चांगलं लिहिलं होतं मी," ती म्हणाली. पाने तिने पर्समध्ये ठेवली आणि पुढचे पार्सल ओढले.