चार बोटं जास्त

मी फिगर स्केटर होते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, बर्फावर? नव्वदीतल्या बंगळूरमध्ये बर्फ मी पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. आम्ही सिमेंटवर खेळायचो, पायांना चार-चार चाकं बांधून. उड्या, गिरक्या, संगीत सगळं त्यात होतं. पण गुणांचा मोठा वाटा वर्तुळांचा. जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळाच्या रेषेवरून एका पायावर फिरायचं, आणि चाकं रेषेवर आहेत का हे परीक्षक कंबरेत वाकून मागून बघत यायचे. ना गाणं, ना टाळ्या. मोठी बहीण, अक्का, म्हणायची, हा खेळ की शिक्षा? मला मात्र तेच आवडायचं. राग माझ्या नाकावरच असे, पण रेषेवर असेपर्यंत तो यायचा नाही.

चामराजपेटेतलं आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर. अण्णा, माझे वडील, शिंपीकाम करत. त्यांचे आजे-पणजेही तेच करत आले होते. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण माझा प्रत्येक ड्रेस त्यांनीच शिवला. लहान मुलांचं कापड ते कधी नेमक्या मापात कापत नसत. शिवणीत चार बोटं माया ठेवायची, घेर आतून दुमडायचा. पोरं वाढतात, असं ते गिऱ्हाइकाला कानडीत समजावत, आणि पुढच्या वर्षी तोच फ्रॉक उसवून मोठा करून देत.

मी तेरा वर्षांची होते. श्रावणात राज्याची निवड होती आणि पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. त्या तिघींत मी असणारच, असं मला शिकवणारे सर म्हणत. नेमकं त्याच सुमाराला रिंकवर नवं सिमेंट टाकायचं काम निघालं आणि महिनाभर रिंक बंद झाली. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे आमच्या समाजाचं कल्याण मंटप रिकामंच होतं. अण्णांनी किल्ली मिळवली. सरांनी चिठ्ठीवर माप लिहून दिलं: मध्यापासून रेषेपर्यंत तीन मीटर. दोऱ्याचं एक टोक मला धरायला लावून अण्णा गुडघ्यांवर सरकत फिरले आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने त्यांनी दोन मोठी वर्तुळं काढली. शेवटी टोकं जुळली तेव्हा ते धुळीतच बसून राहिले आणि म्हणाले, "बघ की, कसं गोल आलंय."

महिनाभर मी त्यावर फिरले. खडू पुसट झाला की अण्णा पहाटे जाऊन पुन्हा गिरवायचे. शेवटी शेवटी मी डोळे मिटूनही फिरू शकत होते.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच वर्तुळात, अर्ध्यावर, माझी चाकं रेषेबाहेर गेली. आदल्या दिवशी रिंकवरच्या सरावातही पाय बाहेर ओढतोय असं वाटलं होतं. मी नव्या सिमेंटला दोष दिला होता. आत यायला गेले, डगमगले आणि दुसरा पाय टेकला. पुढच्या वर्तुळातही तेच. मी चौथी आले.

घरी आले. दुकानातली टेप आणि किल्ली उचलली आणि थेट मंटपात गेले. मोजलं. तीन मीटर आणि वर चार बोटं. दुसरं मोजलं, तेही तेवढंच. मागोमाग अण्णा आले होते.

"अण्णा, हे जास्त का हाय?"

"ठेवलो की स्वल्प," ते म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "कमी पडलं तर काय करतीस? वाढतं अंग हाय तुझं."

मग मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "हा काय फ्रॉक हाय? तुमाला मापात कापायला येतच नाही."

हे मी तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला सांगत होते. त्यांनी टेपकडे पाहिलं, मग वर्तुळाकडे. "सरी," बरं, एवढंच म्हणाले. ओलं फडकं आणून दोन्ही वर्तुळं त्यांनी स्वतः पुसली. मी मदत केली नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या वर्षी अण्णा स्वतः रिंकवर जाऊन माप घेऊन आले आणि जादा सरावासाठी मंटपात नेमकी वर्तुळं काढली. मी दुसरी आले. त्या स्पर्धेसाठी त्यांनी जांभळ्या सॅटिनचा नवा ड्रेस शिवला होता; तो मी कागदात गुंडाळून राष्ट्रीय स्पर्धेसाठी जपून ठेवला.

ती स्पर्धा पाच महिन्यांनी, दूर उत्तरेत. लग्नसराई असल्याने अण्णांना दुकान सोडता आलं नाही. स्पर्धेच्या सकाळी कागद उघडून ड्रेस घातला तर हात खांद्याच्या वर जाईनात. मी वाढले होते. घाबरले नाही, शिंप्याच्या घरातली मुलगी अशाने घाबरते होय? एका मुलीच्या आईकडून सुई-दोरा मागून घेतला आणि उसवायला ड्रेस उलटा केला. आत काहीच नव्हतं. टाका धरून राहील एवढंच कापड, बाकी सगळं नेमकं कापलेलं. मी तो ड्रेस मांडीवर घेऊन रडले.

वर्तुळांत मी तिसरी होते. उड्यांना हात वर गेले नाहीत, एक उडी सोडून द्यावी लागली, आणि मी सातवी झाले.

त्यानंतर सहा वर्षं खेळले. पदकं कपाटात आहेत, कुणी मागितली तर दाखवते. पण मला आठवतं ते परतीच्या दिवशीचं बंगळूरचं स्टेशन. अण्णा फलाटावर उभे होते. कितवी आलीस, हे त्यांनी विचारलंच नाही.

"ड्रेस मापात बसला ना गे?"

"बरोब्बर बसला अण्णा," मी म्हटलं. "एक बोटही जास्त नव्हता."

ते हसले, माझी बॅग खांद्यावर घेतली आणि बस स्टँडच्या दिशेने माझ्यापुढे ताठ चालू लागले. त्याच बॅगेत, तळाशी, तो ड्रेस होता, दोन्ही काखांत फाटलेला.